माळावरची आपली जमीन वन्यजीवांसाठी कशी राखायची? खड्डे खणायच्या आधी हे वाचा

दौंड, बारामती, इंदापूर, माण, खटाव, जत, आटपाडी, कर्जत, जामखेड, सोलापूर, बीडचा काही भाग असा सगळा कमी पावसाचा पट्टा डोळ्यापुढे ठेवून हे लिहितोय. या भागात बऱ्याच जणांकडे दोन-चार एकरापासून ते वीस-पंचवीस एकरापर्यंत मुरमाड माळ असतो, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेला, पीक धड येत नाही म्हणून तसाच पडलेला. आता अशा जमिनीवर निसर्गासाठी काहीतरी करावं असं अनेकांना मनापासून वाटायला लागलंय आणि ते फार चांगलं आहे. पण सुरुवात नेमकी चुकीच्या जागेवरून होते. जेसीबी बोलवायचा, चर मारायचे, हजार खड्डे घ्यायचे, मिळतील ती रोपं लावायची, दोन वर्षं टँकरने पाणी घालायचं. एवढं सगळं करून हातात काय येतं तर वाळलेली रोपं आणि उलटापालटा झालेला मुरूम, आणि त्या माळावर आधी जे राहत होतं ते निघून गेलेलं.

माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नाही हे पहिलं डोक्यात पक्कं करा. गवत, मधेमधे एखादी बोर, एखादा हिवर, उघडे दगड आणि लांबपर्यंत मोकळी नजर, हाच तिथला पूर्ण अधिवास आहे. चिंकारा धोका लांबून बघतो आणि पळून जीव वाचवतो, त्याला दाट झाडी नकोच असते. धाविक, माळटिटवी, चंडोल यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, मोकळ्या माळावर बीळ करतं. आपल्याकडे माळरानासाठी जी अभयारण्यं झाली, म्हणजे नान्नजचं माळढोक अभयारण्य, कर्जतजवळचं रेहेकुरी, सुप्याचं मयूरेश्वर, ती जाऊन बघा, नजर तयार होते. नान्नजला माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झालाय आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे आजूबाजूचा गवताळ माळ कुठे पिकाखाली, कुठे लागवडीखाली, कुठे बांधकामाखाली गेला. खाजगी माळाची किंमत म्हणूनच जास्त आहे, कारण अभयारण्याच्या रेषेबाहेर प्राणी जगतात ते आपल्याच जमिनीवर.

आधी एक वर्ष नुसतं बघा

हे लोकांना आवडत नाही, पैसा हातात असतो आणि उत्साह असतो, पण एक अख्खं वर्ष, म्हणजे एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा, काहीही न बदलता जमीन फिरून बघा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा जा. गट नंबरचा नकाशा मोठा करून प्रिंट काढा आणि त्यावर खुणा करत जा. गवत कुठे गुडघाभर येतं, नुसता कुसळ म्हणजे टोचणारं कुसळी गवत कुठे आहे, पाणी कुठे साठतं, वारुळं, बिळं, दगडांचे ढीग, ओघळी, जनावरांच्या पायवाटा, वेडी बाभूळ कुठून शिरतेय, शेजाऱ्याचं शेत कुठल्या बाजूला आहे, सगळं. ओघळीतल्या ओल्या मातीवर पावलं छान उमटतात. तिथे ससा, कोल्हा, तरस, रानमांजर, मुंगूस कोण येऊन जातं ते कळतं. गवतं ओळखायला शिका, ते सगळ्यात महत्त्वाचं. पवना, शेडा, मारवेल, डोंगरी, अंजन अशी बहुवर्षायू गवतं जिथे अजून ठोंबाने टिकून आहेत ती जागा म्हणजे तुमच्या जमिनीचा जीव, तिथे पुढे काहीही झालं तरी नांगर, जेसीबी किंवा खड्डा जाऊ द्यायचा नाही. नुसता कुसळ आणि एकवर्षायू बारीक गवत असेल तर समजा चराई बरीच वर्षं जास्त झालीय.

गावातल्या जुन्या माणसांशी आणि मेंढपाळांशी बोला. कुठल्या खोऱ्यात लांडगा पिल्लं घालतो आणि कुठल्या ओघळीत उन्हाळ्यातही ओल असते हे त्यांना तोंडपाठ असतं.

गवत परत आणणं: खरं काम हेच

बहुतेक माळांवर गवत मेलेलं नसतं, दमलेलं असतं. मुळं जिवंत असतात. त्यामुळे सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक गोष्ट म्हणजे विश्रांती. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यापासून ते साधारण नोव्हेंबरमध्ये बी पडेपर्यंत चराई पूर्ण बंद ठेवा, कापणीपण नाही. असे दोन-तीन पावसाळे सलग गेले की आधी कुसळ दाट होतो, मग त्यातून हळूहळू शेडा, पवना डोकं वर काढतात. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून धीर सोडू नका.

पण चराई कायमची बंद करायची असंही नाही. हे मुद्दाम सांगतो कारण शहरातून आलेली मंडळी जमीन घेतात आणि पहिलं काम मेंढरं हाकलायचं करतात. या माळावर मेंढरं, धनगर आणि लांडगा शेकडो वर्षं एकत्र आहेत. गवत पूर्ण न चरता राहिलं तर वाळकं खोड साठतं, नवीन फुटवा गुदमरतो, आणि वणव्याला आयतं सरपण तयार होतं. शिवाय सगळीकडे सारखं उंच गवत झालं तर चंडोल, धाविक, माळटिटवी यांना जागाच उरत नाही, त्यांना खुरटं गवत आणि उघडी जमीन लागते. लावा, तित्तिर, तणमोर यांना मात्र उंच गवताचा आडोसा हवा. म्हणजे तुमच्या जमिनीवर दोन्ही पाहिजे. सोपा मार्ग असा की जमिनीचे तीन तुकडे मनात पाडायचे, बी पडल्यानंतर डिसेंबर-जानेवारीत एका तुकड्यात मेंढरं चारू द्यायची, दुसऱ्यातलं गवत कापून न्यायचं, तिसरा त्या वर्षी तसाच उभा सोडायचा आणि दरवर्षी पाळी फिरवायची. मार्चच्या आत चराई आणि कापणी आटपा, कारण उन्हाळ्यात माळटिटवी आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात आणि ती खुराखाली सहज जातात. कापणी करताना मधूनच सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कापत या, म्हणजे आत लपलेल्या ससा-लाव्यांना पळायला वाट राहते. बाहेरून आत कापत गेलं तर ते मधल्या बेटात अडकतात.

मेंढपाळाशी तोंडी का होईना पण स्पष्ट बोलणं करून ठेवा, कुठल्या महिन्यात, कुठला तुकडा, किती दिवस. दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी पाळला तर तोच माणूस तुमच्या जमिनीचा राखणदार होतो.

जिथे खरंच गवत उरलेलं नाही, जुनं शेत होतं आणि नांगरून नांगरून ठोंबं संपली, तिथे बी टाकावं लागतं. बी बाहेरून विकत आणण्यापेक्षा आसपासच्या चांगल्या माळावरून मालकाला विचारून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाताने ओरबाडून गोळा करा, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा. या गवतांचं ताजं बी लगेच नीट उगवत नाही, काही महिने मुरावं लागतं, त्यामुळे पुढच्या जूनपर्यंत थांबणं फायद्याचंच असतं. पेरताना बी बारीक माती आणि शेणात कालवून विखरा, वर पातळ मातीच पाहिजे, खोल पुरलं तर उगवणार नाही. मारवेलचे ठोंब जुलैमध्ये पाऊस लागला की फोडून दीड-दोन फुटांवर लावले तर चांगले धरतात. परदेशी चारागवतं इथे आणू नका, पसरली की आवरत नाहीत.

सलग समतल चरांबद्दल एक वाक्य. उतारावरची धूप थांबवायला, माती असलेल्या जागी ते ठीक आहेत, पण वीतभर मातीच्या माळावर चर मारले की शेकडो वर्षांची ती पातळ माती आणि त्यातली मुळं उकरली जातात आणि त्या भराव्यावर सगळ्यात आधी गाजरगवत येतं. त्यापेक्षा ओघळीत जागोजागी हाताने रचलेले गुडघाभर उंचीचे दगडी बांध घाला.

नको असलेल्या झाडाझुडपांचं काय

वेडी बाभूळ हा या पट्ट्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. वरून तोडली की दुप्पट फुटते, त्यामुळे नुसती तोड म्हणजे खर्च वाया. लहान रोपं पावसाळ्यात जमीन ओली असताना हाताने किंवा टिकावाने मुळासकट उपटा. मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीखाली साधारण एक फूट खणून मुळाच्या गड्ड्यासह काढा. शेंगा जनावरं आवडीने खातात आणि लेंड्या-शेणातून बी पसरतं, त्यामुळे शेंगा पिकायच्या आत काढणं बरं. पण एका दमात सगळी साफ करू नका, कारण तिथे खोकड, मोर, ससे आसरा घेऊन असतात. दरवर्षी एक तुकडा, आणि काढलेल्या जागेवर पुढची तीन वर्षं तरी पावसाळ्यात फेरी मारून नवीन रोपं उपटायची. हे सातत्य नसेल तर सुरूच करू नका.

घाणेरी काढताना जमिनीखाली तीन-चार इंचावर, खोड संपून मूळ सुरू होतं तिथे कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर. म्हणजे परत रुजत नाही. गाजरगवत फुलं यायच्या आत उपटा, हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट घालूनच, त्याची ॲलर्जी फार वाईट असते. त्यावर पानं खाणारे मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात दिसले तर फवारणी करू नका, ते तुमचंच काम करतायत. गिरिपुष्प आणि सुबाभूळ माळावर लावूच नका.

झाड तोडण्याआधी मात्र वनविभागाकडे विचारून घ्या. 1964 च्या महाराष्ट्राच्या झाडतोड नियमन कायद्यानुसार साग, चंदन, खैर यांसारख्या अनुसूचित झाडांना स्वतःच्या जमिनीवरही परवानगी लागते.

मग झाडं लावायचीच नाहीत का?

लावायची, पण जागा बघून आणि थोडी. ओघळीच्या काठाने, बांधावर, जिथे मुळात माती जास्त आणि थोडी ओल आहे तिथे. बोर, हिवर, बाभूळ (आपली देशी, वेडी नव्हे), खैर, पळस, हिंगणबेट, आणि झुडपांमध्ये नेपती, हेंकळ, तरवड, करवंद. बोराची जाळी तर या माळाची खानावळ आहे, खोकडापासून मोरापर्यंत सगळे बोरं खातात, आणि काट्यात ससा-लाव्यांना लपायला मिळतं. ओळीत लावू नका. पाच-सात झुडपांचा एक झुबका, मग मोठी मोकळी जागा, मग दुसरा झुबका. रोप शक्यतो लहानच लावा, पहिल्या पावसात, आणि शक्य असेल तर बीच टोका, बोर, बाभूळ, पळस बियांपासून चांगले येतात आणि सोटमूळ खोल गेल्यामुळे टँकर लागत नाही.

वाळलेलं झाड पाडू नका. पिंगळे, सुतार, पोपट ढोलीत राहतात. दगडांचे ढीग शेताबाहेर रचलेले असतील तर ते तसेच राहू द्या, त्यात साप, विंचू, घोरपडी, सरडे असतात, आणि उन्हाळ्यात गळ्याखालचा रंगीत पंखा फुलवून दगडावर उभा राहणारा तो छोटा सरडा बघायला मिळणं हे माळ राखल्याचं मोठं सुख आहे. वारुळं फोडू नका.

पाणवठा: गरज असेल तरच

सगळ्यांना पाणवठा करायचा असतो कारण तिथे फोटो मिळतात. पण चिंकाऱ्याला पाणी फार कमी लागतं, बरंचसं तो पाल्यातून भागवतो. एक-दोन किलोमीटरवर पाणी असेल तर नवीन पाणवठ्याची घाई करू नका, त्याने आधी येतात ती भटकी कुत्री आणि रानडुकरं. उन्हाळ्यात आसपास खरंच पाणी नसेल तर करा. बशीसारखा उथळ, सात-आठ फूट व्यासाचा, मधे जेमतेम फूटभर खोल, कडा जमिनीला सपाट आणि उतार इतका हलका की सरडापण चालत आत जाऊन बाहेर येईल. पखुर्डीला काठ उघडा लागतो, नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो, त्यामुळे एक बाजू पूर्ण मोकळी ठेवा आणि दुसऱ्या बाजूला दहा-पंधरा पावलांवर झुडूप असू द्या. रस्ता, वस्ती आणि पीक यांच्यापासून लांब. आठवड्याला घासून धुवा, साठलेल्या घाण पाण्यातून रोग पसरतात. आणि एकदा सुरू केलात तर मे महिन्यात मधेच बंद करू नका, जनावरं त्यावर अवलंबून राहिलेली असतात.

विहीर, शेततळं आणि कुंपण

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण जमिनीवर तुम्ही बाकी काहीच केलं नाही आणि एवढंच केलं तरी जीव वाचतात. बिनकठड्याची विहीर म्हणजे सापळा. लांडगा, तरस, बिबट्या, कोल्हा, रात्री पळताना आत पडतात. किमान तीन-चार फुटांचा कठडा बांधा किंवा वरून मजबूत जाळी टाका. तोपर्यंत एक तिरकी जाड फळी किंवा गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा.

प्लॅस्टिकचा कागद घातलेलं शेततळं त्याहून वाईट. कागद निसरडा, उतार तीव्र, पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर येऊच शकत नाही आणि पोहून दमून बुडतं. माणसांची पोरंपण यात गेलीत. भोवती बारीक जाळीचं कुंपण हवंच, आणि चारही बाजूंनी काथ्याची जाळी किंवा जुन्या टायरांची दोराने बांधलेली शिडी काठापासून तळापर्यंत सोडा. खर्च किरकोळ आहे.

कुंपणाचं म्हणाल तर माळाला शक्यतो कुंपण घालूच नका. हद्दीसाठी दगड रोवले तरी पुरतं. घालावंच लागलं तर काटेरी तार आणि चेनलिंक दोन्ही टाळा. साध्या तारेच्या तीन ओळी, सगळ्यात खालची जमिनीपासून दीड फूट वर म्हणजे चिंकारा, ससा, खोकड खालून जातील, सगळ्यात वरची साडेतीन फुटांच्या आत म्हणजे काळवीट उडी मारेल. तारेवर पांढऱ्या पट्ट्या बांधा म्हणजे पळत्या जनावराला दिसते. पिकाच्या बाजूला झटका मशीन चालेल, पण मेन लाईनचा थेट करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसंही मरतात.

कुत्री, विष, आग

भटकी आणि मोकळी सोडलेली पाळीव कुत्री हा आज माळावरचा सगळ्यात मोठा शिकारी आहे. चिंकाऱ्याची पाडसं, ससे, जमिनीवरची घरटी काही सोडत नाहीत, वर डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आणि रेबीज लांडग्या-खोकडांना देतात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सापडलाय. जमिनीवर किंवा जवळ शिळं अन्न, मेलेली कोंबडी, हॉटेलचा कचरा पडू देऊ नका. स्वतःची कुत्री रात्री बांधा, लसी द्या. ग्रामपंचायतीला धरून नसबंदी आणि लसीकरण मागा.

उंदरासाठी विषारी गोळ्या टाकल्या की तो उंदीर घुबड खातं आणि तेही मरतं. पिकात पिंगळा, गव्हाणी घुबडं राहतील अशी सोय करा. मोकळ्या गवताळ माळावर मात्र उंच पक्षीथांबे लावू नका, त्यावर बसून शिकरा-कावळे जमिनीवरची पिल्लं टिपतात, थांबे पिकातच बरे. मेलेल्या जनावरावर विष टाकणारे असतील तर त्यांच्याशी बोलावंच लागेल. शेळी-मेंढी लांडग्याने मारली तर ती न हलवता लगेच वनरक्षकाला कळवायचं, पंचनामा करून भरपाई मिळते, वनविभागाची हेल्पलाईन 1926 आहे. ही माहिती शेजाऱ्यांपर्यंत पोचवणं हे लांडगा वाचवायचं सर्वात थेट काम आहे. शेळ्या-मेंढरांचा रात्रीचा वाडा उंच जाळीचा आणि वरूनही बंद केला तर बहुतेक नुकसान टळतं.

आग लावल्याने नवीन गवत चांगलं येतं असं अजूनही मानतात. उन्हाळ्यातल्या वणव्यात अंडी, पिल्लं, कासवं, सरडे सगळं जातं आणि माती उघडी पडते. गवत वाळायला लागलं की, म्हणजे डिसेंबरच्या आसपास, हद्दीने दहा-पंधरा फूट रुंदीची पट्टी कापून जाळरेषा तयार ठेवा, रस्त्याच्या बाजूने तर नक्कीच. कापलेलं गवत तिथेच पडू देऊ नका.

नोंद आणि शेजारी

चार-पाच ठिकाणं ठरवा, खुणेचा दगड रोवा आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून त्याच दिशेला फोटो काढा. डोळ्याला जे जाणवत नाही ते दोन वर्षांच्या फोटोंत दिसतं. पक्षी ई-बर्डवर आणि बाकीचं आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गाच्या नोंदी ठेवायच्या मोफत ॲपवर, नोंदवा, पण लांडग्याचं किंवा खोकडाचं बीळ, तणमोराची जागा याचं लोकेशन व्हॉट्सॲपवर किंवा इन्स्टावर अजिबात टाकू नका. लांडग्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात, त्या काळात बिळाजवळ गाड्या आणि कॅमेरे आले की आई पिल्लं उचलून दुसरीकडे नेते आणि त्यात पिल्लं दगावतात. ओळखीच्या फोटोग्राफरलाही नाही म्हणायला शिका. लांडगा, चिंकारा, काळवीट हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत. वाटेत पडलेलं पाडस दिसलं तर उचलून घरी आणू नका, आई जवळच असते. जखमी असेल तरच वनविभागाला फोन.

दोन एकरात चंडोल, लावा, सरडे, फुलपाखरं नक्की टिकतात, पण चिंकाऱ्याला आणि लांडग्याला दोन एकर म्हणजे चार उड्या. त्यामुळे शेजारच्या पाच-सहा मालकांना हळूहळू सोबत घ्या, आधी नुसती जाळरेषा एकत्र काढा, विहिरींना जाळ्या एकत्र बसवा, एवढ्यावर सगळे तयार होतात. पुढे मनं जुळली तर गावच्या जैवविविधता समितीकडून लोक जैवविविधता नोंदवहीत या माळाची नोंद करून घ्या. आणि सगळ्यांची खरंच तयारी असेल तर वन्यजीव कायद्यात कलम 36 क खाली खाजगी किंवा गावच्या जमिनीला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळू शकतो, जमिनीची मालकी तुमचीच राहते, पण जमिनीचा वापर बदलायला मग त्या राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. म्हणून अर्ज करण्याआधी घरातल्या सगळ्या हिस्सेदारांसोबत बसून, सातबारा समोर ठेवून, हे नीट बोलून घ्या.